उरलेल्या तुकड्यांचा धनी

शास्त्रपाठ : योहान 6:1-13, प्रेषितांची कृत्ये 9:36-42



प्रभू येशूने पाच हजार पुरुषांस भोजन दिले, ही गोष्ट आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. ती सांगताना आपण बहुधा चमत्कारापाशीच थांबतो. भाकरी पाच होत्या, मासळ्या दोन होत्या, सर्व लोक तृप्त झाले आणि गोष्ट संपली. परंतु योहान तेथे थांबत नाही. तो पुढे लिहितो की, सर्वांची पोटे भरल्यावर प्रभूने आपल्या शिष्यांस उरलेले तुकडे वेचावयास लाविले, अशासाठी की त्यांतले काहीही वाया जाऊ नये. त्या ठिकाणी गवत पुष्कळ होते. त्या गवतात वाकून शिष्यांनी तुकडे वेचले, आणि बारा टोपल्या भरल्या.

आता विचार करा. ज्याच्या हातांत पाच भाकरी पाच हजारांस पुरतात, त्याला उरल्यासुरल्या तुकड्यांची काय गरज? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसेच करू शकत नव्हता काय? निःसंशय करू शकत होता. मग त्याने तुकडे वेचविले, ते टंचाईमुळे नव्हे. ती भाकर पित्याच्या हातची होती, आणि पित्याच्या हातचे पायदळी जाऊ नये, म्हणून वेचविले. हा त्याच्या घरचा नियम आहे. ह्या नियमाविषयी तुमच्या चुलीपाशी व सुईदोऱ्यापाशी बसून मी आज चार गोष्टी सांगू इच्छितो. भाकर, तुकडा, टाका आणि टोपली, एवढ्या चार शब्दांत त्या ध्यानात राहतील.

पहिली गोष्ट भाकरीची. त्या मुलाजवळच्या भाकरी जवाच्या होत्या, हे योहान स्पष्ट सांगतो. त्या देशात गहू हे सुस्थितीतल्या लोकांचे आणि जव हे गरिबांचे धान्य होते. आपल्याकडे जशी ज्वारी, बाजरी व नाचणी, तसे तिकडे जव. प्रभूने ती गरिबाची भाकर हातांत घेतली, तिच्याबद्दल उपकारस्तुती केली व हजारोंच्या पुढे ठेविली. त्याला तिची लाज वाटली नाही. मग आम्हांस का वाटावी? दारी पाहुणा आला की आमच्या पुष्कळ घरांत ज्वारीची भाकर झाकून ठेवितात, आणि दुकानातून उधारीने मैदा, साखर व बिस्किटांचे पुडे आणवितात. पाळकसाहेब येणार असे कळले म्हणजे तर उधारी दुप्पट होते. असे अन्न पुढे आले म्हणजे घास गोड लागत नाही, हे मी तुम्हांस मनापासून सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून 2023 हे वर्ष जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळिले. शहरातील सुखवस्तू लोक आज नाचणीचे पीठ सुंदर पुड्यांतून विकत घेतात. कारण 100 ग्रॅम नाचणीत हाडांस बळ देणारे कॅल्शियम 300 मिलिग्रॅमहून अधिक असते, आणि पांढऱ्या तांदळात त्याचा दहावा हिस्साही नसतो. जे धान्य आपल्या बांधावर पिकते व आपल्या लेकरांस पोसते, ते पाहुण्यापुढे ठेवावयास लाजणे म्हणजे देणाऱ्यालाच लाजणे होय.

दुसरी गोष्ट तुकड्याची. कोंड्याचा मांडा करणारी सुगरण असे आपण म्हणतो. ही विद्या आपल्या आयांस व आज्यांस अवगत होती. रात्रीची भाकर उरली तर सकाळी ती कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन मुलांस मिळे. दोडका चिरला म्हणजे त्याच्या शिरा फेकीत नसत; त्या तव्यावर परतून, तीळ व मिरची घालून चटणी होई. ताक आंबट झाले तर पीठ लावून कढी, नाही तर ज्वारीच्या पिठाची आंबील. आजाऱ्यास हुलग्याच्या पिठाचे ऊन माडगे. पावसाळ्यात शेतातला तांदुळजा व घोळ, आणि दाराशी शेवगा असेल तर त्याचा कोवळा पाला. ह्यांतल्या कशालाही बाजारात जावे लागत नाही. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडण्याच्या कामावर सुकडी खाल्ली, आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीवर दिवस काढिले, ते वडीलधारे आजही ताटात घास टाकू देत नाहीत. त्यांस चिकट म्हणून हसू नका. त्यांनी भाकरीची किंमत मोजून दिली आहे. मात्र एक सावधगिरी सांगतो. शिजविलेला भात व वरण उन्हाळ्यात रात्रभर राहिले तर बिघडते, आणि त्याने लेकरू आजारी पडते. नासलेले खाणे ही काटकसर नव्हे. अंदाजाने शिजवावे, आणि उरेल असे दिसताच ते ऊन आहे तोच शेजारी द्यावे, ही काटकसर होय.

तिसरी गोष्ट टाक्याची. यापो गावी तबीथा, म्हणजे दुर्कस, नावाची बाई होती. ती मरण पावली तेव्हा पेत्राभोवती विधवा रडत उभ्या राहिल्या, आणि दुर्कसने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यांस दाखवू लागल्या. तिचे एकही भाषण शास्त्रात लिहिलेले नाही. तिची साक्ष तिच्या टाक्यांनी दिली. नव्या करारात ‘शिष्या’ असा स्त्रीवाचक शब्द मूळ ग्रीक भाषेत एकदाच येतो, आणि तो हिच्याविषयी आहे. तेव्हा माझ्या भगिनींनो, मला वाचता येत नाही, मी प्रभूसाठी काय करू, असे कोणी म्हणू नये. तुमच्या घरी जुनी सुती लुगडी व धोतरे असतील. ती धुऊन उन्हात वाळवा, विरलेला भाग काढून टाका, अंगणात थरावर थर पसरा, कडा दुमडा, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत जा; गोधडी तयार होईल. कृत्रिम धाग्यांची पातळे घाम शोषीत नाहीत, म्हणून ती आतल्या थरास घालावी व अंगाकडे सुती कापड ठेवावे. वर कोऱ्या कापडाचे ठिगळ लावावयाचे असेल तर ते आधी भिजवून आटवून घ्यावे, नाही तर पहिल्याच धुण्यात ते आकसून जुने फाडील. प्रभूला हे ठाऊक होते. त्याने ह्यावर दृष्टांतच दिला आहे (मार्क 2:21). ठिगळाची रीत जाणणारा तारणारा गरिबाच्या घरास परका नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनीही 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुली केडगावास आणून आश्रय दिला, तेव्हा त्यांस अक्षरओळखीबरोबर विणकाम व शिवणकामही शिकविले. हातास काम मिळाले म्हणजे मान वर होते, हे त्या जाणून होत्या.

परंतु एवढ्यावर थांबलो तर मी तुम्हांस केवळ संसाराचा हिशेब शिकविला असे होईल. म्हणून चौथी गोष्ट टोपलीची. नीट पाहा, प्रभूने तुकडे केव्हा वेचविले? सर्व तृप्त झाल्यावर. त्याने आधी वाढले, मग वेचले. जो आधी वेचतो आणि मग वाढावयास विसरतो, तो काटकसरी नव्हे, तो कवडीचुंबक होय. त्याच्या पेटीत गोधड्या असतात व त्यांस कसर लागते. तिकडे शेजारची म्हातारी पौषात कुडकुडत असते. रूथ मवाबीण बवाजाच्या शेतात भाजलेले दाणे खाऊन तृप्त झाली, आणि उरले ते तिने पदरी बांधून सासूसाठी नेले. त्या परक्या सुनेने काटकसरीचा अर्थ जाणला होता. उरलेले माझे नव्हे, ते घरी उपाशी बसलेल्या नामीचे आहे, असा तो अर्थ. मोशेच्या नियमशास्त्रातही शेताचे कोपरे कापू नयेत, ते गरिबास व परक्यास ठेवावे, अशी आज्ञा आहे. म्हणून उरलेल्या तुकड्यांचा धनी देव आहे, आणि तो ते उचलावयास गरिबास पाठवितो.

आता हे आपल्या मंडळ्यांस लावून पाहू. ऋण काढून सण करण्याची चाल आपल्यांत अद्याप आहे. मुलीच्या लग्नात चारशे पाने उठली नाहीत तर लोक काय म्हणतील, ह्या भयाने बाप कर्ज काढितो. पूर्वी सावकार दारी येई; आज वित्तसंस्थेचा वसुलीवाला दर आठवड्यास येतो. जेवण एका दुपारी संपते, हप्ते दोन-तीन वर्षे चालतात. अशा घरात पहिला तुकडा कोणाचा तुटतो? बहुधा धाकट्या मुलीचा. तिची वही व फी थांबते, आणि ती मजुरीस जाऊ लागते. ताटांत टाकलेले गोड व हप्त्यांत गेलेले शिक्षण, हे दोन्ही एकाच ठिकाणी वाया गेले. प्रभूने भाकरीचा तुकडा वाया जाऊ दिला नाही; मग ह्या लेकराविषयी तो काय म्हणेल?

उपदेशक बंधूंनो, ह्याचा आरंभ तुमच्या घरापासून व्हावा. तुमच्या मुलाचे लग्न भाकर-पिठल्यावर झाले तर गावातील दहा बाप कर्जापासून वाचतील. तुम्ही पाहुण्यापुढे ज्वारीची भाकर आनंदाने ठेविली तर कोणाही विधवेस तुम्हांला जेवावयास बोलाविण्याचे भय वाटणार नाही. भगिनींनो, नाताळापूर्वी प्रत्येक मंडळीतील बायांनी मिळून एक तरी गोधडी शिवावी, आणि ज्या घरी थंडीने लेकरू खोकते तेथे ती रात्रीच, गाजावाजा न करिता, पोहोचवावी. रोज पीठ मळण्यापूर्वी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकावे, व आठवड्याच्या शेवटी तो डबा उपासनेस आणावा. सारफथ येथील विधवेपाशी मूठभरच पीठ होते. तिने आधी एलीयास दिले, आणि तिचे मडके रिते झाले नाही.

ज्याने जवाची भाकर हातांत घेऊन आभार मानिले, तो तुमच्या चुलीवरची भाकर आशीर्वादित करो. तुमचे टाके दुर्कसच्या टाक्यांप्रमाणे साक्षीचे होवोत. आणि तुमच्या घरात उरलेला प्रत्येक तुकडा ज्याचा आहे त्याच्या मुखी पडो. आमेन.