कापूस कोणाच्या नावचा

जामनेर तालुक्यात, कांग नदीच्या काठी एक गाव. तिथल्या नानांची तीस एकर बागायत. आप्पांच्या नावावर गुंठाभरही नाही. नानांचं पाच एकर ते निम्म्या बटईने करत. वीस वर्षं झाली, सगळा व्यवहार तोंडी. १९५७च्या कृषक दिनाला कुळं जमिनीची मालक झाली, ती धास्ती जमीनदारांच्या घरातून अजून गेलेली नाही. बटईने जमीन द्यायची, पण कागद करायचा नाही.

या तोंडी व्यवहारात आप्पांची एक सोय होती. वेचणी झाली की बांधावरच काटा लागायचा आणि निम्मा कापूस त्यांच्या घरी जायचा. तो कधी विकायचा, कोणाला विकायचा, हे तेच ठरवत. खेडा खरेदीचा व्यापारी भाव पाडायचा, काट्यातही मारायचा. तरी नोटा आप्पांच्या हातावर पडत.

२०२१मध्ये ई-पीक पाहणी आली. तलाठ्याची वाट पाहायला नको, शेतकऱ्यानेच शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. नानांचा मुलगा फोन घेऊन आला तेव्हा आप्पा कपाशी निंदत होते.

"आप्पा, जरा बाजूला सरका, फोटोत येऊ राहिले तुम्ही."

आप्पा सरकले. नानांच्या सातबाऱ्यावर कापूस चढला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

२०२५च्या हंगामात हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस घालायचा तर आधी कपास किसान ॲपवर नोंदणी करायची, असा नियम आला. लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, आणि गावात व्यापारी सात हजारांच्या आतच बोलत होता. आप्पांची नात अकरावीला. तिने मैत्रिणीच्या फोनवर ॲप उघडलं, आधार क्रमांक टाकला. पुढे जमिनीचा उतारा मागितला, तिथे ती थांबली.

"आजोबा, जमीन कोणाची ते विचारतात. कसली कोणी, त्याचा कागदच नाही आपल्याकडं."

आप्पा नानांकडे गेले. नाना भला माणूस, म्हणूनच ही गोष्ट सांगायला अवघड. ते लगेच म्हणाले, "घाल की माझ्या नावावर! स्लॉट माझा लागलेलाच आहे." आप्पांच्या वाट्याचा दहा क्विंटल नानांच्या ट्रॅक्टरमधून केंद्रावर गेला. ओलावा आठ टक्क्यांच्या आत निघाला, पूर्ण भाव लागला.

पैसे अर्थातच नानांच्या आधार जोडलेल्या खात्यात येणार होते. आले का, हे विचारायला आप्पा रोज सकाळी नानांच्या ओट्यावर जाऊन बसत. त्याच दिवसांत नानांच्या गोठ्याचे पत्रे बदलायचं काम निघालं. आप्पा शिडीवर चढले. मजुरीचं नानांनी काढलं नाही, आप्पांनाही विचारवेना. पैसे अजून यायचे होते.

तीन आठवड्यांनी पैसे आले. बियाण्या-खताची उचल कापून नानांनी बाकीचे मोजून दिले, वर पाचशे जास्तच. व्यापाऱ्याकडे मिळाले असते त्यापेक्षा दहा-बारा हजार अधिक सुटले. आप्पांनी हात जोडले. स्वतःच्याच कापसाचे पैसे घेताना हात जोडायची वेळ त्यांच्यावर याआधी कधी आली नव्हती.

नानांना फार बरं वाटलं. त्यांनी मुलाचा जुना फोन आणून नातीपुढे धरला. "आता तूच शीक हे सगळं. गरिबाच्या पोरांना यायलाच पाहिजे."

"नाना, फोन राहू द्या," ती म्हणाली. "त्यापेक्षा पाच एकराचा भाडेकरार करून द्या, नोंदणीचा. एका हंगामाचा चालेल. पीकविमा तरी आजोबांच्या नावानं काढता येईल."

आप्पांनी तिला डोळ्यांनी दटावलं. नाना मात्र चिडले नाहीत. हसून त्यांनी फोन तिच्या हातात कोंबला, वर चार्जरही दिला.

"फोन आजच घेऊन जा, पोरी. कागदाचं पुढच्या साली पाहू."