जुना हौदा, नवी चासी

मालमोटार कारखान्यातून पुष्कळदा नुसती चासी म्हणून बाहेर पडते. तिला देह देतो तो मिस्त्री. खरडच्या रस्त्यावरील ट्रकांचे चितारलेले हौदे आम्ही नेहमी पाहतो. असा वडिलांचे नाव रंगविलेला हौदा मुलाने नव्या चासीवर चढविला, तर गाडी जुनी की नवी? गीतेतील दृष्टान्तात जीर्ण वस्त्र टाकले जाते. येथे तेच नव्या अंगावर येते! मिलिंद राजाची राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट, जुन्या पंजाबातलीच. त्याला भिक्षू नागसेनाने विचारले होते, रथ म्हणजे आस की चाके? कोणतेच नव्हे, रथ हे केवळ व्यवहारापुरते नाव.

आम्हां कारकुनांना एवढ्याने समाधान नाही. व्यवहारालाच तर नाव लागते! १९८८ चा मोटार वाहन कायदा गाडी ओळखतो ती चासीच्या क्रमांकावरून, आणि ते योग्यच; ओझे अखेर तीच पेलते. हौदा आठवण वाहतो. ती जपण्यात पाप कसले? परंतु फळ्या कुजलेल्या असताना त्यांवर ताजा रंग फासून नव्या चासीचे कागद पुढे करणे, हे मात्र आम्ही असत्यच मानतो. मागून येणारा सायकलस्वार त्या कागदांच्या भरवशावर चाललेला असतो, आणि रंगाखालची फळी त्याला दिसत नाही.