चौथा पर्याय

जीआरई द्यायला निघालेली आपली अभियांत्रिकीची बरीच मुलं इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकत बसतात आणि गणिताला ‘हे तर दहावीचंच’ म्हणून बाजूला सारतात. दहावीचंच असतं ते. फसगत तिथेच होते.

या परीक्षेत तुलनेचे प्रश्न असतात. अ आणि ब अशा दोन राशी दिलेल्या. अ मोठी, ब मोठी, दोन्ही समान, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही? पर्याय दर वेळी हेच चार. गणिताच्या २७ प्रश्नांना ४७ मिनिटं, म्हणजे एकाला जेमतेम पावणेदोन.

समजा, अ आहे क्ष² + १ आणि ब आहे २क्ष. क्षबद्दल आणखी एक अक्षर नाही. क्ष २ धरा: ५ आणि ४. ३ धरा: १० आणि ६. सावध विद्यार्थी शून्य घेऊन बघतो, अर्धा घेतो, उणे चारही घेतो. दर वेळी अ मोठी. साक्षीदार एका सुरात बोलले म्हणून तो पहिला पर्याय निवडतो आणि गुण घालवतो. क्ष १ असेल तर दोन्हीकडे २ येतात! उत्तर चौथं.

‘ठरवता येत नाही’ हे दाखवायला परस्परांशी न जुळणारी दोन उदाहरणं पुरतात. ‘नेहमीच मोठी’ म्हणायला हजार घेतली तरी कमीच. तिथे रीत हवी. अ मधून ब वजा केली की (क्ष − १)² उरतो. वर्ग ऋण होत नाही, पण शून्य होऊ शकतो. घोडं कुठे अडतं ते लगेच दिसलं. आता अ मधल्या १ च्या जागी २ लिहा. वर्गाबरोबर १ शिल्लक राहतो आणि अ कायमची मोठी ठरते. असा प्रश्न काढणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं.

वजाबाकी निर्धोक असते. भागाकाराचं तसं नाही, आणि घाईत हात नेमका दोन्हीकडचा क्ष काटायला धावतो. ऋण संख्येने भागलं की लहानमोठेपणाची खूण उलटते. क्ष धन की ऋण, हे तर कुणी सांगितलेलंच नसतं. ‘१/क्ष < १’ दिसलं की ‘क्ष > १’ लिहून मोकळे होणारे सगळ्या ऋण संख्या वाऱ्यावर सोडतात. मोजायला शिकलो तेव्हापासून संख्या म्हणजे १, २, ३ हेच डोक्यात बसलेलं. शून्य, अपूर्णांक, ऋण ही मंडळी मुद्दाम बोलावल्याशिवाय येत नाहीत.

वेळ संपत आली की काही जण चौथ्या पर्यायाचा आडोसा घेतात. पण ‘मला ठरवता आलं नाही’ आणि ‘ठरवता येतच नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्याला पुरावा लागतो. दोन्हीकडे निव्वळ आकडे असतील, क्ष कुठेच नसेल, तर ते कितीही अवजड असोत, चौथा पर्याय हमखास चूक.