एका एल्कचं अंदाजपत्रक

माणसाचा खरा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याची पत्रिका पाहू नये, त्याचं अंदाजपत्रक पाहावं. पत्रिकेत सगळा दोष शनी-मंगळावर ढकलता येतो. अंदाजपत्रकात ढकलायला 'किरकोळ खर्च' एवढी एकच ओळ असते. मुलीच्या लग्नाच्या अंदाजपत्रकात बँडवाल्यापुढे वीस हजार आणि वाढप्यांपुढे 'बघू' असं लिहिणारा एक यजमान मी पाहिला आहे. त्याच्याबद्दल आणखी चौकशी करायची मला गरज वाटली नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गेली वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. देवावरची माझी श्रद्धा पगारवाढीच्या चर्चेनुसार कमीजास्त होते, पण एका गोष्टीवरची अढळ आहे. कुणाच्या तरी नावे पडल्याशिवाय कुणाच्या तरी खाती काही जमा होत नाही.

या श्रद्धेची परीक्षा थेट अमेरिकेत, कोलोरॅडोच्या डोंगरात होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमचा एक भाचा डेन्व्हरला असतो. तिथला नागरिक झालाय, घराचे हप्ते फेडतोय, म्हणजे एकूण सुखात आहे. तो आणि त्याच्या ऑफिसातला एक मित्र, दोघांनी येत्या ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जायचं ठरवलं आहे. दोघांनीही आजवर झुरळापेक्षा मोठं काही मारलेलं नाही. "मामा, कमीत कमी खर्चात बसवायचंय. तू बँकेत आहेस, जरा आकडे तपासून दे," असं म्हणून त्यानं मला अंदाजपत्रक धाडलं. बँकेतला माणूस स्वतःचा संसार कसा चालवतो हे ठाऊक असूनही नातेवाईक त्याला आकडे विचारतात, ही एक गंमतच आहे.

एल्क म्हणजे हरणांच्या कुळातलं एक धिप्पाड जनावर. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. आपल्या काश्मीरचा हंगूल त्याच्याच भावकीतला. कोलोरॅडोत हे एल्क अडीच लाखांहून जास्त आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. वाटाड्या घेऊन शिकारीला गेलं तर हजारो डॉलर मोजावे लागतात. तो एल्क शोधून देतो, तंबू ठोकतो, रांधतो. आपण फक्त चाप ओढायचा. म्हणजे गुरुजींना बोलावून सत्यनारायण करण्यापैकी. या दोघांनी पोथी आणून स्वतःच पूजा सांगायचं ठरवलं होतं.

अंदाजपत्रक बरं होतं. स्थानिक रहिवाशाला परवाना सत्तर डॉलरच्या आसपास मिळतो. परराज्यातून येणाऱ्याला सातशेच्या वर पडतात. तेव्हा दोघांचे मिळून 140. जुन्या वापरलेल्या दोन रायफली 900. बूट 400. काडतुसं 60. भगवे कपडे आणि टोप्या 120. पेट्रोल 120, शिधा 150, सुरी, मांसाच्या पिशव्या नि बर्फाच्या पेट्या 150. मुक्काम फुकट, कारण सरकारी जंगलात तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी भाडं लागत नाही. तंबू मित्राचा. किरकोळ 160. एकूण 2200 डॉलर.

भगव्या कपड्यांपाशी मी थबकलो. शिकारीला जाताना माणसानं झाडाझुडपात दिसू नये अशी माझी कल्पना. पण तिथला कायदा सांगतो, की रायफल घेऊन जाणाऱ्यानं कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर घातलाच पाहिजे, डोक्यावर टोपीसुद्धा त्याच रंगाची. एल्कला हा भडकपणा कळत नाही, त्याला तो रंग मळकट दिसतो. इतर शिकाऱ्यांना मात्र लांबून कळतं, की हा एल्क नव्हे, कुणाचा तरी भाचा आहे. शिवाय 1 जानेवारी 1949 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. त्या शिक्षणातला एक मुख्य धडा असा, की आपण कशावर नेम धरतोय आणि त्याच्यामागे काय आहे हे डोळ्यांनी नीट पाहिल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. हा धडा शरयूकाठी कुणी दशरथाला दिला असता तर श्रावणबाळ वाचला असता. नुसत्या आवाजावर बाण सोडल्याचा परिणाम पुढे सबंध रामायणाला भोगावा लागला.

मग मी माझ्या धंद्याला जागून किलोचा भाव काढला. एका एल्कचं हाडाविना मांस ऐंशी किलो धरलं. दोघांत एक एल्क मिळाला तर किलोला साडेसत्तावीस डॉलर. पण मिळणार कशावरून? तिकडे साधारण पाच शिकाऱ्यांतला एक एल्क घेऊन घरी येतो, बाकीचे चार फोटो घेऊन येतात. शिवाय बऱ्याच भागांत नर मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळालगतचं टोक पाच इंच तरी लांब हवं. एल्क काही मोजून घ्यायला उभा राहत नाही. हा सगळा धोका हिशेबात धरला तर भाव सत्तर डॉलर किलोच्या आसपास जातो. दुकानातलं मांस याच्या पासंगालाही पुरत नाही, इतकं स्वस्त.

मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, हा व्यवहार बुडीत आहे. कर्जासाठी आला असतास तर मी नामंजूर केला असता."

तो म्हणाला, "मामा, मांस स्वस्त पडावं म्हणून जात नाहीये. पंधरा वर्षं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मांस आणून खातोय. ते जनावर होतं, हे एकदा स्वतःच्या हातानं कळून घ्यायचंय. हात उचलला नाही तर परत येईन आणि खाणं सोडीन."

हे उत्तर मला पटकन खोडता येईना. म्हणून मी ते आमच्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला सांगितलं. ताई शुद्ध शाकाहारी. कांद्याकडेसुद्धा चातुर्मासात संशयानं बघते. ती म्हणाली, "मारायचं ते मारायचं, वर पुन्हा तत्त्वज्ञान! आणि सरकार असल्याला परवाने तरी कसं देतं?"

या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते बँकेच्या भाषेत चांगलं सांगता येतं. मुद्दल शाबूत ठेवून व्याज खाणं आणि मुद्दलच खाऊन टाकणं, यात फरक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोवाल्यांनी मुद्दल जवळजवळ संपवलं होतं. बेसुमार शिकारीनं एल्क नाहीसे होत आले. तेव्हा 1910 नंतरच्या वर्षांत शेजारच्या वायोमिंगहून एल्क आणून सोडावे लागले. पुढे 1937 साली अमेरिकेनं कायदा केला आणि शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरच्या 11 टक्के कराचा पैसा वन्यप्राण्यांसाठी राज्यांना मिळू लागला. तेव्हा दरवर्षी किती परवाने द्यायचे, कुठे द्यायचे, याचा हिशेब ठेवून आता ते व्याज काढतात. आपल्याकडे राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी मुद्दलालाच हात घातला. 1952 साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे शिकारीचं खातंच गोठवलं गेलं. ज्या खात्यात शिल्लक नाही त्यावर चेक वटत नाही, इतकं ते सरळ आहे.

पण ताईचा पहिला प्रश्न तसाच उरला. व्याज झालं म्हणून काय झालं? त्या व्याजाला चार पाय आहेत, आणि ते पहाटे दवात चरायला येतं.

इथे मला तिकडच्या कायद्यातली एक बारीकशी तरतूद फार विचार करायला लावते. परवान्याबरोबर एक चिठ्ठी मिळते. एल्क पडला की शिकाऱ्यानं ती चिठ्ठी फाडून वेगळी करायची, तिच्यावर तारीख घालायची, सही करायची आणि जनावराला बांधायची. शिवाय खाण्याजोगं मांस टाकून देणं हा गुन्हा. म्हणजे त्या जनावराच्या मरणाला एक सही लागते, आणि सही करणाऱ्याला ते मांस पाठीवरून वाहावं लागतं. नराची मागची एकेक तंगडीच पंचवीस किलोच्या घरात. आठ-दहा हजार फुटांवर दम लागत असताना अशा चार-पाच खेपा.

मी दर रविवारी मटण आणतो. रांगेत उभा राहतो, शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलतो, पिशवी पुढे करतो. इतक्या वर्षांत एकाही बोकडासाठी मला कुणी सही मागितली नाही. बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन सह्या लागतात. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. याचा फायदा असा, की पैसे दिले कुणी हे दोघांपैकी एकालाही वाटत नाही. बोकडाचंही तसंच. धनगरानं फक्त वाढवला, टेम्पोवाल्यानं फक्त आणला, खाटकानं फक्त कापला आणि मी फक्त खाल्ला. मग मारला कुणी? महाभारतातल्या धर्मव्याधानं हे फार पूर्वी मोकळेपणानं सांगून ठेवलंय. तो दुसऱ्यांनी मारलेल्या जनावरांचं मांस विकायचा आणि स्वतः खात नसे. तरीही आपल्या धंद्यात हिंसा आहे हे त्यानं दारात आलेल्या ब्राह्मणापासून लपवलं नाही. लपवाछपवीची सोय नंतर आम्ही पांढरपेशांनी काढली.

हे सगळं मी ताईला ऐकवलं. तिनं शांतपणे वाती वळता वळता विचारलं, "सही केली म्हणून एल्क उठून बसतो का?"

नाही बसत. खातेदाराच्या पैशांवर खऱ्या सहीनं डल्ला मारला काय नि खोट्या सहीनं मारला काय, पैसे जायचे ते जातातच. सहीनं कर्ज फिटत नाही. ते कुणाचं आहे एवढंच कळतं. पण वीस वर्षांच्या नोकरीनंतर मी सांगतो, कर्ज कुणाचं हे कळणं ही लहान गोष्ट नाही. जगातली निम्मी कर्जं ते न कळल्यामुळेच थकलेली आहेत.

मग मी अंदाजपत्रक पुन्हा समोर घेतलं आणि या वेळी बेरीज न तपासता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला. इथे वाचवलेला पैसा भरणार कोण?

तंबू मित्राचा जुना, गळला तर हेच भिजणार. खुशाल वाचवा. शिधा म्हणजे खिचडी आणि चिवडा, उपाशी हेच राहणार. बुटांवर वाचवलं तर फोड यांच्याच पायाला येणार. पण काडतुसं फक्त 60 डॉलरची! तेवढ्यात दोघांचा सराव होत नाही. नवख्याचा नेम चार बोटं चुकला तर एल्क मरत नाही, नुसता जखमी होऊन रात्रभर डोंगरात फिरतो. म्हणजे काडतुसांत वाचवलेलं बिल एल्क भरणार. बर्फाचं तेच. एल्कचं कातडं जाड, आत उष्णता कोंडून राहते, मांस लवकर थंड केलं नाही तर नासतं. मग तो मेला तो फुकटच. आणि वेळापत्रकात परतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत शिकार लिहिलेली. त्या वेळी गोळी लागून जनावर पळालं तर मागे कोण जाणार? सोमवारी दोघांना ऑफिस!

मी तीन दुरुस्त्या केल्या. काडतुसं 60 ची 260. बर्फाच्या पेट्या दुप्पट. शेवटचा दिवस कोरा, त्या दिवशी नवा नेम धरायचा नाही. वर शेरा मारला: 'ज्या बचतीचं बिल दुसऱ्याला जातं, ती बचत नव्हे, उचल आहे.' लग्नातल्या त्या वाढप्यांनाही हा नियम लावून बघावा. आपल्या घरच्या अंदाजपत्रकातल्या पुष्कळ स्वस्ताईचं गूढ उकलतं.

भाच्यानं सगळं मान्य केलं, पण विचारलं, "मामा, शेवटी तू एक कोरी ओळ का सोडलीस?"

ती ओळ एल्कच्या जीवाची. तिथे आकडा घालायला मला कुठलाच दर सापडला नाही. बँकेत एखादी रक्कम कुठे टाकायची हे कळेनासं झालं की ती उचंत खात्यात ठेवतात. ते खातं म्हणजे कचऱ्याची टोपली नव्हे. त्यातली प्रत्येक नोंद ठरावीक मुदतीनं पुन्हा उघडून पाहावी लागते, आणि उलगडा होईपर्यंत तपासनीस दर खेपेला त्याबद्दल विचारतो. ताईनं ही नोंद आयुष्यात कधी होऊच दिली नाही. भाचा ती स्वतःच्या सहीनं उचंतात टाकायला निघालाय. आम्ही रविवारच्या रांगेतली मंडळी मात्र ती दर आठवड्याला परस्पर किरकोळ खर्चात घालतो, आणि वर विचारतो, "कलेजी आहे का हो थोडी?"