गोड घासाचें मोल

नाताळ व ईस्टर ह्या सणांस मुलांना चॉकलेट वांटण्याची चाल आतां खेड्यांतील मंडळ्यांतही शिरली आहे. ती वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आनंदाच्या दिवशीं लेंकरांचें तोंड गोड करावें हें कोणास आवडणार नाहीं? परंतु ह्या निमित्तानें एक प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें. जो घास आपण आनंदानें खातों तो दुसऱ्याच्या दुःखांतून आला असेल, तर खाणाऱ्याकडे त्याचा कांहीं दोष येतो काय?

चॉकलेट कोकोच्या बियांचें होतें. हें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें. फणसाप्रमाणें त्याचें फळ थेट खोडास लागतें. तें फोडून पांढऱ्या गरांतील बिया काढतात, केळीच्या पानांखालीं पांच-सहा दिवस आंबवितात आणि मग उन्हांत वाळवितात. मेक्सिको देशांत प्राचीन काळीं ह्या बिया नाण्यांप्रमाणें चालत. आणि तेथील लोक आजही नोव्हेंबरच्या आरंभीं मृतांच्या स्मरणदिनीं चॉकलेटचें पेय करितात.

हें पेय स्पेन देशांत रुळलें, तेव्हां विद्वानांपुढें प्रश्न आला कीं, तें प्याल्यानें उपवास मोडतो कीं नाहीं? इ. स. १६३६ मध्यें आंतोनियो दे लेओन पिनेलो ह्यानें ह्याच प्रश्नावर माद्रिद येथें ग्रंथ छापिला. पुढें १६६४ त कार्डिनल ब्रांकाच्यो ह्यांनीं, पातळ पेयानें उपवास मोडत नाहीं, असा पक्ष मांडिला. ह्या वादाचा विषय पिणाऱ्याचें तोंड हा होता. पिकविणाऱ्याची पाठ हा नव्हता.

तो विषय पुढें क्वेकर मंडळीपुढें येऊन उभा राहिला. सर्व दिवस सारखेच पवित्र मानून हे लोक पूर्वी सणवार पाळीत नसत. तरी इंग्लंडांत ईस्टरचें चॉकलेटचें अंडें त्यांच्याच कारखान्यांनीं काढिलें, फ्राय ह्यांनीं १८७३ त व कॅडबरी ह्यांनीं १८७५ त. गुलामगिरीविरुद्ध ह्याच पंथानें मोठा झगडा केला होता. असें असतां १९०१ सालीं विल्यम कॅडबरी ह्यांस कळलें कीं, पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटांतून आपण जो कोको घेतों, तो पिकविणारे मजूर नांवाचे कराराचे, पण खरोखर गुलामच आहेत. अंगोलांतून आणिलेले हे लोक क्वचितच घरीं परतत. चौकशी व पत्रव्यवहार ह्यांत आठ वर्षें गेलीं, आणि १९०९ च्या मार्चांत कॅडबरींनीं तेथील खरेदी बंद केली. मधल्या काळांत एका वर्तमानपत्रानें त्यांस दोष दिला होता. त्यावर त्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ज्यूरीनें निकाल त्यांच्या बाजूनें दिला, पण भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, ठरविली.

ह्या निकालावर विचार करावा. खरेदी थांबविली तर आपल्या शब्दास वजन राहणार नाहीं, असें कॅडबरींचें म्हणणें होतें. तें अगदींच पोकळ नव्हतें. एक गिऱ्हाईक गेलें तर दुसरें येतें, आणि मजूर जेथल्या तेथें राहतो. तथापि सुधारणेसाठीं थांबणें आणि नफ्यासाठीं थांबणें हीं बाहेरून सारखींच दिसतात, आणि आपलें अंतःकरणही ह्या बाबतींत आपणांस पुष्कळदां फसवितें. म्हणून आमचें मत असें कीं, जो न कळतां खातो त्यास दोष नाहीं. जो कळूनही विचारीत नाहीं त्यास आहे. आणि जो विचारितो पण आपल्या थांबण्यास मुदत घालीत नाहीं, तोही निर्दोष नव्हे.

हा प्रश्न जुना झाला असें कोणी समजूं नये. आज जगांतील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना ह्या दोन देशांत पिकतो. २०२० त प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेच्या अहवालाप्रमाणें २०१८-१९ च्या हंगामांत तेथें सुमारें १५ लाख ६० हजार मुलें कोकोच्या शेतांत बालमजुरी करीत होतीं. आणि आफ्रिकेकडे बोट दाखवून आपणही मोकळे होऊं नये. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीचीं कुटुंबें बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघतात, महिनेच्या महिने कोपींत राहतात, आणि पुष्कळ मुलांची शाळा सुटते. नाताळाच्या करंजींतली साखर अशाच हातांनीं तोडलेल्या उंसाची आहे.

दाविदास बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचें पाणी प्यावेंसें वाटलें, तेव्हां तीन वीरांनीं शत्रूंच्या छावणींतून वाट काढून तें आणिलें. दावीद तें प्याला नाहीं. आणणाऱ्यांनीं जीव धोक्यांत घातला होता म्हणून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतिलें. पाणी वाईट नव्हतें, परंतु त्याचें मोल त्यास कळलें होतें.

लेंकरांचा खाऊ हिसकावून घ्या, असें आम्ही सांगत नाहीं. आपण गोड खाणें सोडिल्यानें मजुराचें पोट भरत नाहीं. पण मोल जाणावें, आणि जें आपल्या हातीं आहे तें आधीं करावें. ज्याच्या शेतांत मजूर राबतो त्यानें त्याची मजुरी सणापूर्वी पुरी चुकवावी. गांवाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरली असेल, तर तिच्या मुलांस शाळेंत बसविण्याची खटपट शिक्षकांनीं व उपदेशकांनीं करावी. आणि नाताळचा खाऊ वांटतांना त्या मुलांसही आपल्या मुलांशेजारीं बसवावें.