गॅस नव्हे, नळी बघ

उभा राहा. मोबाइल बाकावर ठेव आणि माझ्याकडे बघ. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस तू, आणि तुझ्याच घरात एसीखाली आठवडाभर परात लावलेली? भिंत पाझरतेय, रंगाचे पोपडे सुटलेत, खाली प्लगचा बोर्ड आहे आणि त्याच भिंतीशी आजीची खाट. वडिलांनी मेकॅनिक बोलावून गॅस भरून घेतला, पैसे मोजले, आणि तू शेजारी उभा राहून बघत होतास. एक प्रश्न विचारवला नाही तुला?

काय शिकवलं होतं? गॅस बंद नळ्यांत फिरतो. वापरून तो संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि ती गळती न शोधता भरला तर पुन्हा जाणार. गॅस कमी असला की कॉइलवर बर्फ धरू शकतो, एसी बंद केल्यावर तो वितळतो आणि पाणी ट्रेबाहेर सांडतं, हे खरं. म्हणून तर झाकण उघडून आधी कॉइल बघायची होती! बर्फ होता? नव्हता. खोली गार होत होती? होत होती. मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला का?

पाणी येतं कुठून, हे तरी आठवतंय का? 1902 साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हे यंत्र आखलं, ते हवेतल्या दमटपणाने कागद आणि छपाई बिघडत होती म्हणून. हवेतलं पाणी काढणं हे एसीचं मूळ कामच आहे. आपल्या ठाण्याच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो जेमतेम ठिबकतो, त्यामुळे तिथे तुंबलेली नळीसुद्धा पावसाळ्यापर्यंत लपून राहते. इथे लपत नाही. घरातल्या स्प्लिट एसीला सहसा पंपही नसतो. एवढं सगळं पाणी केवळ उताराच्या भरवशावर बाहेर जायचं असतं. मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार, हे तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आणि बाल्कनीत ती लवचीक नळी झोळीसारखी लोंबतेय, तिचं तोंड आईने कुंड्यांसाठी ठेवलेल्या बादलीत बुडालेलं. जिथे नळी लोंबते तिथे पाणी साचतं, धूळ बसते, बुळबुळीत शेवाळ धरतं. फिल्टर शेवटचा कधी धुतलास? खाली मान घालू नकोस, उत्तर दे.

आणि यावर उपाय म्हणून तू ट्रेमध्ये संडास धुण्याचं ॲसिड ओतलंस. याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. ट्रेच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या फिन आहेत. त्या ॲसिडने खाल्ल्या जातात, वाफ खोलीत पसरते, आणि त्या खोलीत म्हातारं माणूस झोपतं. त्यात उद्या कुणी ब्लीच ओतलं असतं तर क्लोरीन वायू झाला असता. विषारी आहे तो. घरच्यांच्या जिवाशी असा खेळ मी खपवून घेणार नाही.

आता ऐक. घरी गेल्यावर आधी एमसीबी पाड, नुसता रिमोटने बंद करून भागणार नाही. खाट आणि बोर्डाजवळचं सामान बाजूला घे. ट्रेमधलं पाणी बाहेर काढ. ते ॲसिडचं आहे, हातमोजे घाल, खिडक्या उघड, आणि ट्रे साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा पुसून घे. मग नळीचं बाहेरचं तोंड बादलीतून उचल. वर्कशॉपमधला पाणी ओढणारा व्हॅक्यूम रजिस्टरमध्ये सही करून ने. त्याचं तोंड नळीच्या बाहेरच्या टोकाला लाव, फट ओल्या फडक्याने आवळून धर आणि ओढ. बाहेरून फुंकायचं नाही. फुंकलंस तर सगळा गाळ उलटा ट्रेमध्ये आणि भिंतीवर येईल. तोंड लावून ओढायचं तर मुळीच नाही. गाळ आला की आतून कोमट पाणी सोड. उकळतं नको, प्लॅस्टिकची नळी मऊ पडते. जिथे लोंबतेय तिथे क्लॅम्प मारून उतार दे आणि तोंड बादलीच्या पाण्याच्या वर राहील असं बांध. आईच्या कुंड्यांना पाणी तरीही मिळेल.

शेवटी ट्रेमध्ये लिटरभर पाणी सावकाश ओत आणि बाहेर जाऊन बघ. सलग धार आली पाहिजे. अडखळत आली तर पुन्हा ओढ. बोर्ड ओला असेल तर इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, वडिलांनाही लावू द्यायचा नाही.

आणि ते गॅसचं बिल उद्या घेऊन ये. गळती तपासली होती का, किती दाबाने भरला, त्यावर काय लिहिलंय ते मला बघायचंय. जा आता, व्हॅक्यूमची किल्ली ऑफिसात आहे.