ऐकावे जनाचे, करावेही जनाचे

सल्ला आणि विनोद या दोन गोष्टी माणसांच्या कोणत्याही बैठकीत शेजारी-शेजारी बसलेल्या आढळतात, मग ती बैठक चावडीवरची असो, पारावरची असो की लग्नघराच्या मांडवातली. तरीही नीतिविचारात सल्ल्याला मानाचे पान मिळते आणि विनोदाची बोळवण करमणूक म्हणून होते. वास्तविक दोघांची नैतिक कसोटी एकच आहे : जो सल्ला देतो किंवा हसतो, तो त्याचे परिणाम सोसणाऱ्यांसोबत उद्याही राहणार आहे की नाही? ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण हा पेच एकट्या माणसापुरता सोडवते. परंतु निर्णयच साऱ्या गावाचा असतो तेव्हा ‘मन’ कोणाचे धरायचे, हे ती सांगत नाही. पंच मंडळींच्या सभेला जी ‘पंचायत’ म्हटले जाते, तिचाच ‘पंचाईत’ हा उच्चार मराठीत अडचणीचा वाचक व्हावा, यात मराठी माणसाचा सभांविषयीचा अनुभव पुरेसा साठलेला आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या लहानशा गोंड गावाने या पंचाइतीतून आपल्यापुरती वाट काढली. लेखा गटग्रामपंचायतीत असल्यामुळे ‘मेंढा-लेखा’ या जोडनावाने ओळखले जाणारे हे गाव मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले, आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा गावाबाहेरही दूरवर पोहोचली. घोषणा ठसठशीत असल्यामुळे लक्ष तिच्याकडेच जाते. मात्र तिच्यामागे जी कार्यपद्धती आहे, ती नैतिकदृष्ट्या अधिक विचार करण्याजोगी आहे.

या पद्धतीत बोलणे आणि ठरवणे या दोन क्रिया जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. बोलण्याची जागा म्हणजे ‘अभ्यास गट’, अर्थात एखाद्या विषयात रस असलेल्यांनी एकत्र बसून, माहिती मिळवून आणि गरजेप्रमाणे जाणकारांना बोलावून केलेली मोकळी चर्चा. तिथे बाहेरचा पाहुणाही बसू शकतो, शंका काढू शकतो आणि सुचेल तो सल्ला देऊ शकतो, परंतु गटाला निर्णयाचा अधिकार नसतो. ठरवण्याची जागा म्हणजे ग्रामसभा, जिच्यात गावातील प्रौढ स्त्री-पुरुष बसतात आणि जिचा निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतो. म्हणजे हात वर करून डोकी मोजली जात नाहीत, आणि एखाद्याचा ठाम विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर टाकून त्या विरोधामागचे कारण समजून घेतले जाते. या मांडणीमुळे सल्ला स्वस्त होतो आणि निर्णय महाग होतो. ज्याला काहीच सोसायचे नाही त्याचेही गाव ऐकते, पण शेवटचा शब्द सोसणाऱ्यांच्याच हाती राहतो. गावाचे नेते देवाजी तोफा यांच्यासोबत अनेक दशके काम केलेले, आडनावाऐवजी आई-वडिलांची नावे लावणारे आणि २०२५ च्या जानेवारीत दिवंगत झालेले मोहन हिराबाई हिरालाल यांचे स्थानही या व्यवस्थेत अभ्यासकाचे आणि मित्राचेच होते. त्यांच्या सल्ल्याला वजन होते, ग्रामसभेत मत नव्हते, आणि मत नसल्यामुळेच त्या वजनाचे ओझे कोणावर पडत नव्हते.

अभ्यास गटातील सल्ल्याचे रूप किती साधे असू शकते, हे मधाच्या उदाहरणावरून दिसते. आग्या मोहोळाला खालून पेटता टेंभा लावायचा, माश्या होरपळू द्यायच्या आणि सबंध पोळे खाली पाडायचे, ही जंगलातील जुनी रीत; तिच्या जागी पोळ्याचा केवळ मध साठवलेला भाग कापून घ्यायचा आणि अंडी-अळ्यांचा भाग फांदीवर तसाच राहू द्यायचा, ही दुसरी रीत मेंढ्यात चर्चेतून पुढे आली. यात ‘निसर्गावर दया करा’ असा उपदेश कुठेच नाही. माशी जगली तर त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो, एवढा सरळ हिशेब आहे. चांगला सल्ला ऐकणाऱ्याला लहान न करता त्याच्या हाताला नवे काम देतो, हा त्यातील बोध. याच सवयीवर पुढचे मोठे निर्णय उभे राहिले : २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क, २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेकडे आलेले बांबू वाहतूक परवान्याचे पुस्तक, आणि १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार शेतजमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याचा २०१३ मधील निर्णय.

अशा दीर्घ बैठका माणसे सहन कशी करतात, या प्रश्नापाशी विनोदाचा विचार सुरू होतो. सामाजिक मानवशास्त्रात ‘थट्टेचे नाते’ अशी एक संज्ञा आहे; ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० च्या निबंधात तिचा अर्थ असा केला की, त्या नात्यातील एकाला दुसऱ्याची थट्टा करण्याची रीतीनेच मुभा असते आणि दुसऱ्याने तिचा राग मानायचा नसतो. मराठी घरात दीर-भावजय किंवा मेहुणा-मेहुणी यांच्यात ही मुभा दिसते, गोंड समाजात आजा आणि नातू यांच्यातही ती मानली जाते. आणि व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ च्या ग्रंथात शेजारच्या बस्तरमधील ज्या घोटुलाचे, म्हणजे तरुण-तरुणींच्या सामूहिक घराचे, वर्णन केले, त्यातही गाणी, खेळ आणि कोडी यांना शिक्षणाचेच स्थान आहे. जिथे एका नात्यात अदब पाळावी लागते आणि दुसऱ्या नात्यात थट्टा चालते, तिथे वडीलधाऱ्याला मुलगा जे तोंडावर सांगू शकत नाही ते नातू हसत हसत सांगून जातो.

धानोऱ्यासह या साऱ्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला, विनोदाचे हे काम नवे नाही. धान घरात आले की गावोगाव रात्रभर नाटके रंगतात, ज्यांच्या कंपन्यांचे मोठे केंद्र वडसा येथे आहे आणि ज्यांतील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधीपासूनच्या दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांतही सोंगाड्याला जे बोलायची मोकळीक असते ती प्रतिष्ठिताला नसते. १९५६ मध्ये निवर्तलेल्या गाडगे महाराजांचे कीर्तनही याच कुळातले : ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारत, उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत आणि हशा ओसरण्याआधीच त्या उत्तरातील विसंगती त्यांच्यासमोर ठेवत. त्यांचा सल्ला ऐकणाऱ्याला टोचत नसे, कारण तो त्याने स्वतःच उच्चारलेला असे.

तथापि मराठी भाषेने थट्टा आणि टवाळी हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत, आणि मस्करीची कुस्करी होते हेही तिला ठाऊक आहे. थट्टेत हसणारा आणि ज्याच्यावर हसले जाते तो, दोघेही हशानंतर त्याच वर्तुळात बसलेले राहतात. टवाळीत एकाला वर्तुळाबाहेर ढकलून बाकीचे आपली एकी साजरी करतात. सर्वसहमतीच्या गावालाही या धोक्यापासून आपोआप संरक्षण मिळत नाही. जिथे प्रत्येक जण कोणाचा तरी सोयरा आहे, तिथे एकट्या पडलेल्या विरोधकाला नियमाने गप्प करता येत नसले तरी नेमक्या वेळी उडवलेल्या हशाने करता येते, आणि मग वहीत ‘सर्वानुमते’ असे लिहिले जाते ते खरे असूनही पुरेसे खरे नसते. म्हणून सर्वसहमतीचे मोल अखेर ‘नाही’ म्हणणाऱ्याला मिळणाऱ्या वागणुकीवर ठरते : त्याच्या नकारासाठी सभा थांबली का, आणि थांबलेल्या त्या वेळात त्याची थट्टा करणारा पुढे त्याच्या शेतावर कापणीला गेला का.

मेंढ्यासारख्या गावात मनातले बोलणे गोंडीत होते आणि सरकारदरबारी जाणारा कागद मराठीत लिहिला जातो. त्या वाटेवर ठराव शाबूत राहतो, पण कोणत्या वाक्यावर सगळे हसले आणि कोणाच्या शंकेमुळे विषय महिनाभर लांबला, याची नोंद कोणत्याच इतिवृत्तात उरत नाही. ठराव मात्र पाळला जातो तो त्या न लिहिलेल्या भागामुळे, कारण ज्याचे ऐकून घेतले गेले तो माणूस आपल्या मनाविरुद्ध झालेल्या गोष्टीलाही आपली म्हणू शकतो. जनाचे ऐकण्याइतकेच जनाचे करणे शक्य व्हायचे असेल, तर त्या जनात उशिराने होकार देणाऱ्या शेवटच्या माणसाचीही गणना असावी लागते.